कानापासून पायापर्यंत

शाळेच्या मैदानावर खो-खोचा सामना रंगात आला आहे, अशी कल्पना करा. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले आहेत. डाव संपावयास अवघे अर्धे मिनिट उरले आहे. आणखी एक गडी बाद झाला, तर बसलेल्या संघाचा विजय निश्चित आहे. मधल्या पाटीवर आठ गडी ओळीने बसले आहेत; एकाचे तोंड पूर्वेकडे, तर शेजारच्याचे पश्चिमेकडे. नववा गडी पळणाऱ्या मुलाच्या पाठीस लागला आहे. ओळीत पाचवा बसलेला मुलगा दोन्ही हात जमिनीवर टेकून, एक पाय मागे रेटून, ताणलेल्या धनुष्यासारखा सज्ज आहे. आता खो आपल्यालाच मिळणार, हे त्याने ओळखले आहे. इतक्यात मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलांतून आरोळी उठते, “हो! हो!” आणि आमचा हा गडी बाणासारखा सुटतो.

पण त्याच्या पाठीवर अजून कोणाचा हात पडलेलाच नसतो! पाठलाग करणारा सोबती त्याच्यापासून दोन पावले दूर असतो. पंचांची शिट्टी वाजते. खो मिळण्यापूर्वी उठणे हा नियमभंग होय. त्या गोंधळात पळणारा गडी निसटतो, वेळ संपते आणि हाताशी आलेला विजय निघून जातो.

“तुला ऐकू येत नाही का रे?” सोबती रागाने विचारतात.

“मला ‘खो’च ऐकू आला,” तो मुलगा मान खाली घालून सांगतो.

कोणाचाही त्याच्यावर विश्वास बसत नाही. परंतु मुलांनो, तो खोटे बोलत नव्हता. कोणी ‘खो’ म्हटलेले नसताना त्याला तो खरोखरच ऐकू आला होता. हे कसे घडले? हे समजून घ्यावयाचे असेल, तर आवाज कानात शिरल्यापासून पाय जमिनीवरून उचलला जाईपर्यंत आपल्या शरीरात काय काय घडते, ते क्रमाने पाहिले पाहिजे. हा सारा प्रवास एका सेकंदाच्या एका लहानशा अंशात पुरा होतो. परंतु त्या अंशात केवढ्या घडामोडी होतात!

आवाज म्हणजे हवेतील कंप. सोबत्याच्या मुखातून शब्द निघाला की त्याच्या कंठातील कंपांमुळे हवा हलू लागते. तळ्यात खडा टाकल्यावर तरंग पसरावेत, त्याप्रमाणे हे कंप चहूकडे पसरतात. हवेतून आवाज दर सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दोन मीटर अंतरावरून दिलेली हाक कानापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे १७० वा भागच पुरतो.

कानाची पाळी हे कंप गोळा करून कानाच्या नळीत सोडते. ही नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या टोकाशी ढोलाच्या चामड्यासारखा ताणलेला एक पातळ पडदा असतो. कंप त्यावर आदळले की तो पडदाही तसाच कापू लागतो. पडद्याच्या पलीकडे तीन चिमुकली हाडे एकमेकांस जोडलेली असतात. त्यांच्या आकारावरून त्यांस हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे मिळाली आहेत. रिकीब म्हणजे घोडेस्वार ज्यात पाय अडकवतो ती कडी. कानातील ही रिकीब आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड आहे; तिची लांबी जेमतेम तीन मिलिमीटर भरते. ही तीन हाडे पडद्याचे कंप आणखी आत पोहोचवतात आणि पोहोचवताना त्यांचा जोरही वाढवतात.

सर्वांत आत गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिला सुमारे अडीच वेढे असतात. ती उलगडली तर तिची लांबी साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास होईल. ही नळी द्रवाने भरलेली असून तिच्या लांबीभर एक नाजूक पडदा पसरलेला असतो. रिकीब आत-बाहेर होऊ लागली की द्रव हेलकावतो आणि त्या नाजूक पडद्यावरून एक लाट धावत जाते. उंच, किनऱ्या आवाजाची लाट नळीच्या तोंडाशीच सर्वांत मोठी होते, तर खर्जातील जाड आवाजाची लाट आतल्या टोकाजवळ सर्वांत मोठी होते. हंगेरीत जन्मलेल्या गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने मृत माणसांच्या कानांतील या नळ्या मोठ्या कौशल्याने उघडून ही लाट प्रत्यक्ष पाहिली. या शोधाबद्दल १९६१ साली त्याला नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या नाजूक पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात. शेतात वारा आला की ज्वारीची ताटे वाकतात, तसे लाट आली की या पेशींवरील अतिसूक्ष्म केस वाकतात. केस वाकताच पेशीत विजेचा एक क्षीण फेरबदल होतो आणि तिला जोडलेल्या मज्जातंतूतून संदेश निघतो. येथवर आवाज हा आवाज होता. येथून पुढे मात्र तो आवाज राहत नाही. मेंदूच्या आत शांतता आणि अंधार यांचेच राज्य आहे. तेथे कसलाही नाद पोहोचत नाही. पोहोचतात त्या केवळ विजेच्या ठिणग्यांसारख्या सूक्ष्म खुणा. त्या खुणांवरून बाहेर काय चालले आहे, हे मेंदूला ताडावे लागते. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आमच्या गड्याच्या चुकीचे मूळ येथेच आहे.

हे संदेश किती वेगाने जात असतील? पूर्वी विद्वानांची अशी समजूत होती की, हा वेग इतका प्रचंड असला पाहिजे की तो मोजणे मनुष्याला शक्य होणार नाही. जर्मनीतील योहानेस म्यूलर या थोर शरीरशास्त्रज्ञाचेही असेच मत होते. परंतु त्याचाच एक शिष्य, हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ, याने १८५० च्या सुमारास हा वेग मोजून दाखवला. त्याने बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू घेतला. तंतूला स्नायूच्या जवळ विजेचा झटका दिला असता स्नायू किती वेळाने आखडतो, हे त्याने मोजले. मग थोड्या दुरून झटका देऊन पुन्हा मोजले. दुरून झटका दिला असता किंचित अधिक वेळ लागला. त्या अधिक वेळावरून त्याने वेग काढला. तो दर सेकंदाला पंचवीस ते चाळीस मीटरांच्या दरम्यान भरला. आवाजाच्या वेगाच्या मानाने तो फारच कमी होता! माणसाच्या शरीरातील सर्वांत वेगवान तंतूंतून संदेश याहून जलद जातात. तरी त्यांनाही वेळ लागतोच. विचाराचा वेग आपण क्षणार्धाहून कमी समजतो. पण त्या क्षणार्धालाही माप आहे, हे जगाला प्रथमच कळले.

कानांतून निघालेले संदेश प्रथम मेंदूच्या देठासारख्या खालच्या भागात येतात. येथे उजव्या आणि डाव्या कानांचे संदेश एकत्र येतात व त्यांची तुलना होते. उजवीकडून हाक आली, तर ती उजव्या कानाला आधी आणि डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचते. हा फरक फार झाला तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तथापि मेंदू तेवढाही फरक टिपतो, आणि हाक कोठून आली, हे आपणांस मागे वळून न पाहता समजते.

याच भागात आणखी एक जुनी व्यवस्था आहे. जवळच फटाका वाजला तर तुम्ही काय करता? डोळे मिटता, मान आखडता, खांदे उचलता. हे करण्यापूर्वी, ‘हा फटाका आहे, मी आता डोळे मिटावेत,’ असा विचार तुम्ही करीत नाही. आवाज झाल्यापासून सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागातच पापण्या मिटतात. मोठ्या मेंदूकडे बातमी जाऊन तेथून हुकूम येण्याची वाट पाहिली जात नाही. गावावर अचानक संकट आले असता वेशीवरचा रखवालदार वरिष्ठांच्या आज्ञेसाठी न थांबता दरवाजा लावून घेतो, तसाच हा प्रकार आहे. यात निर्णय नाही. म्हणून वेगही फार. पण या रखवालदाराला फटाका आणि तोफ यांतील फरक कळत नाही, मग ‘खो’ आणि ‘हो’ यांतील फरक कोठून कळणार? त्यासाठी संदेशाला आणखी वर जावे लागते.

कानशिलाच्या आतल्या बाजूस मोठ्या मेंदूचा जो वळ्यावळ्यांचा भाग आहे, तेथे आवाजाची ओळख पटते. हा पक्ष्याचा की माणसाचा, हा सूर की शब्द, आणि शब्द असल्यास कोणता, हे येथे आणि याच्या आसपासच्या भागांत ठरते. आता ‘खो’ आणि ‘हो’ हे दोन शब्द हळूच उच्चारून पाहा. दोहोंतही ‘ओ’ हा स्वर सारखाच आहे. फरक आहे तो केवळ आरंभीच्या व्यंजनाचा. आणि तो उच्चारावयास सेकंदाचा दहावा भागही पुष्कळ होतो. शांत खोलीत हा फरक सहज कळतो. परंतु मैदानावर आरोळ्या, टाळ्या आणि शिट्ट्या यांच्या गदारोळात तो आरंभीचा अंश बुडून जातो आणि कानी पडतो तो नुसता ‘ओ’. अशा वेळी मेंदूला अपुऱ्या पुराव्यावरून निर्णय घ्यावा लागतो.

मेंदू निर्णय घेतो तरी कसा? गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतील एकेका पेशीचे संदेश टिपले आहेत. पडद्यावर सरकणाऱ्या ठिपक्यांचा समूह कोणत्या दिशेस चालला आहे, हे ओळखण्याचे काम त्या माकडांना शिकवलेले होते. त्यांना असे आढळले की, पुरावा जसजसा जमत जातो, तसतशी काही पेशींची संदेश पाठवण्याची गती वाढत जाते. आणि ती एका ठरावीक पातळीला पोहोचली की माकड आपला निर्णय कृतीने दाखवते. कानाने ऐकून निर्णय घेतानाही मेंदूला असाच पुरावा तोलावा लागतो. आपण एका रांजणाची कल्पना करू. पुराव्याचा एकेक थेंब त्यात पडत आहे. रांजण काठोकाठ भरला आणि पाणी सांडले, की निर्णय झाला. पुरावा स्पष्ट असेल तर धार मोठी असते व रांजण लवकर भरतो. पुरावा अंधुक असेल तर थेंब सावकाश पडतात आणि वेळ अधिक लागतो.

निर्णयाला लागणारा हा वेळही एका शास्त्रज्ञाने फार पूर्वी मोजला होता, आणि तोही आवाजाच्याच साहाय्याने. नेदरलँड्समधील युट्रेख्ट या नगरीत फ्रान्सिस्कुस डोंडर्स नावाचा वैद्य होता. १८६८ साली त्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगाला दोन माणसे बसत. एकाने एक अक्षर उच्चारावयाचे आणि दुसऱ्याने ते ऐकताच शक्य तितक्या लवकर उच्चारावयाचे. दोघांच्या आवाजांचे कंप काजळी धरलेल्या एका फिरत्या नळकांड्यावर रेघांच्या रूपाने उमटत. त्या रेघांतील अंतरावरून मधला वेळ कळत असे.

पहिल्या प्रयोगात कोणते अक्षर येणार हे दुसऱ्याला आधीच ठाऊक असे, उदाहरणार्थ, ‘की’. त्याला केवळ आवाज ऐकून ‘की’ म्हणावयाचे असे. दुसऱ्या प्रयोगात ‘का, के, की, को, कू’ यांपैकी कोणतेही अक्षर येई आणि जे येईल तेच म्हणावे लागे. तिसरा प्रयोग सर्वांत मौजेचा होता. त्यात कोणतेही अक्षर येई. पण ‘की’ आले तरच उत्तर द्यावयाचे, एरवी गप्प बसावयाचे.

पहिल्या प्रयोगात सुमारे एक पंचमांश सेकंद लागला. दुसऱ्यात त्याहून अधिक वेळ लागला. हा अधिक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा कमी होता. तिसऱ्या प्रयोगाला लागलेला वेळ या दोहोंच्या मध्ये होता. कान तेच, जीभ तीच. मग हा अधिक वेळ कोठे खर्च झाला? तो खर्च झाला मेंदूत, कोणते अक्षर आले हे ओळखण्यात आणि कोणते उत्तर द्यावे हे निवडण्यात. मनातल्या निवडीला किती वेळ लागतो, हे डोंडर्सने अशा रीतीने काजळीच्या रेघांवरून वाचून दाखवले.

आता आपण आपल्या गड्याकडे वळू. तो डोंडर्सच्या तिसऱ्या प्रयोगाला बसलेल्या माणसासारखाच होता. ‘खो’ आला तरच उठावयाचे, अन्य कोणताही आवाज आला तर बसून राहावयाचे. पण त्याची स्थिती तशी राहिली नव्हती. ‘आता खो येणार, आता येणार,’ असे त्याचे मन सारखे म्हणत होते. जी गोष्ट येणार अशी आपणांस खात्री असते, तिच्यासाठी मेंदू रांजण आधीच बराचसा भरून ठेवतो. मग थोडे थेंब पडले तरी पाणी सांडते. यात मोठा लाभ आहे. अपेक्षित हाकेला आपण फार लवकर उत्तर देऊ शकतो. परंतु याच लाभात धोकाही आहे. रांजण काठापर्यंत भरलेला असला, तर एक भलताच थेंबही तो सांडवू शकतो. ‘हो’ या आरोळीतला ‘ओ’ हाच तो भलता थेंब ठरला. उरलेला शब्द मेंदूने आपल्या अपेक्षेतून पुरा केला, आणि म्हणूनच त्या मुलाला स्पष्ट ‘खो’ ऐकू आला.

धावण्याच्या मोठ्या शर्यतींतही हाच पेच असतो. आंतरराष्ट्रीय शर्यतींचा असा नियम आहे की, आरंभाचा आवाज झाल्यापासून ०.१ सेकंदाच्या आत ज्याने पायाचा रेटा दिला, त्याचा आरंभ चुकीचा मानावा. तो आवाजानंतर सुटला असला तरीही! कारण इतक्या थोड्या अवधीत आवाज ऐकून सुटणे शक्य नाही, त्याने आवाजाची वाट न पाहता केवळ अंदाज बांधला, असे पंच धरतात. या शर्यतींत प्रत्येक धावपटूच्या मागे एकेक ध्वनिक्षेपक ठेवलेला असतो, तोही याच हिशेबाने. बंदूक एका कडेला उडाली तर तिचा आवाज दहा मीटर दूर उभ्या असलेल्या धावपटूला सेकंदाच्या सुमारे चौतिसाव्या भागाइतका उशिरा ऐकू येईल. आणि जेथे जयापजयाचा निकाल शतांश सेकंदांवर लागतो, तेथे तेवढा उशीरही अन्यायाचा ठरेल.

निर्णय झाला, आता कृती. डोक्याच्या माथ्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फीत बांधावी, साधारण त्या रेषेत मेंदूचा एक पट्टा आहे. शरीराच्या हालचालींचे हुकूम तेथून सुटतात. गंमत अशी की, उजव्या पायाचा हुकूम डाव्या बाजूकडून निघतो आणि डाव्या पायाचा उजव्या बाजूकडून. हा हुकूम पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून खाली येतो व तेथून दुसऱ्या तंतूंवाटे मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. मोठ्या मेंदूच्या मागे, खालच्या बाजूस असलेला लहान मेंदू या हालचालीत ताळमेळ राखतो. कोणता स्नायू आधी आखडावा, कोणता सैल पडावा आणि तोल कसा सांभाळावा, हे तो पाहतो. म्हणूनच सराव झालेला गडी उठतानाच दिशा धरतो, तर नवखा गडी उठतो, अडखळतो आणि मग धावतो.

मेंदूजवळ नुसता चाबूकच नाही, तर लगामही आहे. मेंदूच्या गाभ्यात पेशींचे काही पुंजके आहेत. कपाळामागील भागाच्या मदतीने ते सिद्ध झालेली हालचाल रोखून धरतात आणि योग्य वेळ आली की सोडतात. गडी ताणून बसलेला असतो, तेव्हा त्याचे पाय केवळ स्वस्थ नसतात; ते रोखून धरलेले असतात. गप्प बसणे हेही मेंदूचे एक काम आहे, आणि ते सोपे नाही. कपाळामागील हा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. वयाची विशी उलटली तरी त्याची वाढ चालूच असते. तुमच्या वयाच्या मुलांच्या हातून उतावळेपणा अधिक घडतो, याचे हेही एक कारण आहे. म्हणून सोबत्याच्या अशा चुकीला एकदम ‘मूर्खपणा’ म्हणणे न्यायाचे नव्हे. परंतु याचा अर्थ, त्यावर काही उपायच नाही, असा मात्र नाही.

उपाय खो-खोच्या नियमातच सांगितलेला आहे. खो देणाऱ्याने बसलेल्या गड्याच्या पाठीवर हाताचा स्पर्श करावयाचा आणि त्याच वेळी मोठ्याने ‘खो’ म्हणावयाचे. म्हणजे पुरावा दोन वाटांनी येतो, एक कानाच्या आणि दुसरा त्वचेच्या. प्रेक्षकांची आरोळी कानाला फसवू शकेल, पण पाठीला फसवू शकणार नाही. दोन्ही पुरावे जुळल्यावाचून न उठण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याचा रांजण भलत्या थेंबाने सांडत नाही. अशी सवय एका दिवसात लागत नाही. सरावाच्या वेळी मुद्दाम गलका करावा, खोट्या आरोळ्या द्याव्यात आणि तरीही बसून राहावे. असे वारंवार केले म्हणजे लगाम बळकट होतो.

ही गोष्ट खेळापुरतीच असती, तर तिचा इतका विस्तार करण्याचे कारण नव्हते. आपण रस्ता ओलांडतो, तेव्हाही कान, मेंदू आणि पाय यांचा हाच व्यवहार चालू असतो. गाडी आली की तिचा आवाज येणारच, अशी आपली अपेक्षा असते. आवाज आला नाही, की ‘रस्ता मोकळा आहे,’ असा निर्णय मेंदू देऊन टाकतो आणि पाय पुढे पडतो. परंतु आता विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत आणि हळू चालत असताना त्यांचा आवाज फारच थोडा होतो. कोणी कानात गाणी ऐकण्याची बोंडे घालून चालत असेल, तर त्याला मोठ्या गाडीचा आवाजही उशिरा कळतो. मैदानावर भलताच आवाज ऐकून उठल्याने एक सामना हातचा जातो. येथे न आलेल्या आवाजावर विसंबल्याने जीव जाऊ शकतो. म्हणून येथेही दुसरा पुरावा मागावा. कानाने ऐकावे, दोन्ही बाजूंस डोळ्यांनी पाहावे आणि मगच पाऊल टाकावे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शंखाकृती नळीतील ज्या केशपेशींवर हा सारा व्यवहार अवलंबून आहे, त्या फार नाजूक आहेत. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाने त्या मोडून पडतात, आणि माणसाच्या कानात एकदा नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीतील कर्ण्याच्या अगदी पुढ्यात उभे राहण्यापूर्वी याचा विचार करावा. ज्यांना जन्मतः किंवा पुढे काही कारणाने ऐकू येत नाही, त्यांचा मेंदू मात्र निर्णयाच्या कामात काही कमी नसतो. हातांच्या खुणांची भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत ती भाषा समजून घेण्याचे काम पुष्कळ अंशी त्याच भागांत चालते, जेथे इतरांच्या मेंदूत बोललेली भाषा समजून घेतली जाते. वाट निराळी असते. विचार करणारा घरधनी तोच असतो.

आता पुन्हा एकदा त्या मैदानाकडे जाऊ. समजा, वर्ष उलटले आहे. सामना पुन्हा अटीतटीचा झाला आहे आणि तोच मुलगा पाचव्या जागी बसला आहे. त्याने वर्षभर सराव केला आहे. कडेच्या मुलांतून पुन्हा आरोळी उठते, “हो! हो!” त्याच्या मांडीचा स्नायू क्षणभर थरारतो, पण तो उठत नाही. मग पाठीवर सोबत्याच्या हाताची थाप पडते आणि कानाशी शब्द घुमतो, “खो!” या वेळी मात्र तो उठतो, आणि उठतो तो नेमक्या दिशेने.

आवाज झाला त्या क्षणापासून त्याचा पाय जमिनीवरून सुटेपर्यंत पाव सेकंदही गेला नसेल. तेवढ्या वेळात हवेतील कंपांचा संदेश झाला, संदेशाचा शब्द झाला, शब्दाचा निर्णय झाला आणि निर्णयाची धाव झाली. परंतु त्या धावेपूर्वी, खोट्या आरोळीच्या वेळी, तो जो क्षणभर बसून राहिला, ते बसून राहणेही त्याच्या मेंदूचेच काम होते. वर्षभराच्या सरावाने त्याने मिळवले होते ते हेच.